जुन्या मालाचं काय करायचं ठरलंय?

पत्र:

नमस्कार. मी भोसरीच्या एका कंपनीत डिझाइन विभागात आहे. आम्ही ट्रॅक्टर आणि बांधकामाच्या यंत्रांना लागणारे ब्रॅकेट, क्लॅम्प आणि वेल्डिंगच्या असेंब्ल्या बनवतो. आधीचे सहकारी नोकरी सोडून गेले आणि ईसीएनचं, म्हणजे डिझाइनमधल्या बदलाच्या नोंदींचं, काम माझ्या गळ्यात पडलं. सिस्टिममध्ये दीडशेच्या आसपास ईसीएन ओपन आहेत, काही दोन-दोन वर्षांचे. ड्रॉइंग बदललंय, बीओएम (लागणाऱ्या भागांची यादी) बदललाय, पण परचेस, स्टोअर आणि क्वालिटीच्या सह्या नाहीत. परचेसचे साहेब फाइल बघितली की "ठेव, बघतो" म्हणतात. पुढच्या महिन्यात ग्राहकाचं ऑडिट आहे. आमच्या साहेबांनी मला अॅडमिनचे हक्क मिळवून दिलेत आणि सांगितलंय, "महिनाअखेर सगळं क्लोज दिसलं पाहिजे, तूच करून टाक." नमुन्यादाखल एक सांगते. ग्राहकाकडे एम८ चे (८ मिमी जाडीचे) बोल्ट ढिले पडत होते, म्हणून एम१० घ्यायचं ठरलं आणि ब्रॅकेटचं भोक ९ मिमीवरून ११ मिमी केलं. रेव्हिजन सी ची डी झाली. हा ईसीएन चौदा महिने ओपन आहे. मी काय करू? आणि खरं सांगू का, डिझाइन करायला आले होते, इथे कारकुनी करतेय.

एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर:

नमस्कार.

अॅडमिनच्या हक्कांचं आधी बोलू, कारण तिथे तुमच्याकडे वेळ कमी आहे. परचेसच्या, स्टोअरच्या किंवा क्वालिटीच्या जागी तुमच्या लॉगिनने एकही सही करू नका. एकसुद्धा नाही. सिस्टिममध्ये कुणी, कधी, कुठल्या वेळी क्लिक केलं ते सगळं राहतं. एका संध्याकाळी एकाच लॉगिनवरून शंभर-सव्वाशे ईसीएन बंद झालेले दिसले, तर ऑडिटरला वेगळं काही शोधावं लागत नाही. आणि पुढे माल परत आला की त्या दिवशी साहेब मीटिंगमध्ये असतील आणि रेकॉर्डवर नाव तुमचं असेल.

साहेबांना "नाही" म्हणायचं अवघड आहे हे मला कळतं. मग "नाही" म्हणू नका, आकडे द्या. "सर, सगळे पाहिले. यातले इतके आजच बंद होतात, पुरावा लावलाय. इतके रद्द करावे लागतील. इतक्यांना तुमचा निर्णय हवा. उरलेल्यांची तारीख आणि माणूस समोर लिहिलाय." असा एक कागद टेबलावर आला की बहुतेक साहेब ऐकतात. त्यांना ऑडिटची भीती आहे, तुम्हाला अडकवायची हौस नाही. त्यांना हेही सांगा की ओपन ईसीएन हा मुळात गुन्हा नाही. ज्याला तारीख आहे, जबाबदार माणूस आहे आणि उशिराचं कारण लिहिलेलं आहे, त्यावर ऑडिटर फार तर दोन प्रश्न जास्त विचारेल. पण कागदावर बंद आणि लाइनवर जुनाच माल, हे सापडलं की मग तो एका ईसीएनवर थांबत नाही, नमुने वाढवतो.

ऑडिटर करतो काय, तर एक ईसीएन उचलतो आणि त्याच्या मागोमाग चालत जातो. ड्रॉइंगची रेव्हिजन, बीओएम, पीएफएमईए (बनवताना काय बिघडू शकतं त्याचा तक्ता), कंट्रोल प्लॅन (काय, कसं तपासायचं त्याचा तक्ता), मशीनजवळ लटकवलेली वर्क इन्स्ट्रक्शन, गेज, ट्रेमधला तुकडा, आणि शेवटी ग्राहकाची पीपॅप मंजुरी, म्हणजे हा भाग बनवून पाठवायला त्याने दिलेला होकार. ही साखळी कुठेही तुटली की त्याचं काम झालं. तोच फेरा तुम्ही त्याच्या आधी मारा.

आता तुमच्या ब्रॅकेटकडे येऊ, कारण उरलेल्या बहुतेक ईसीएनचं दुखणं त्यात दिसतं.

तुम्ही लिहिलंय की ड्रॉइंग आणि बीओएम बदललाय. बरं. पण पंच ११ चा झाला म्हणून बदल झाला असं नाही. क्वालिटीच्या टेबलावर ९ चाच प्लग गेज (भोक तपासायची दांडी; तिचं गो टोक आत जायला हवं, नो-गो जाता कामा नये) असेल, तर नव्या भोकात त्याचा गो पण जाणार आणि नो-गो पण जाणार. नियमाने तो तुकडा रिजेक्ट. प्रत्यक्षात कुणीतरी म्हणतं, "नवीन रेव्हिजन आहे, जाऊ दे," आणि त्या दिवसापासून ते भोक कुणी मोजतच नाही. असेंब्लीच्या स्टेशनवर टॉर्क रेंच (ठरावीक जोराने बोल्ट आवळायचा पाना) एम८ च्या हिशेबाने, म्हणजे ८.८ ग्रेडला साधारण २५ न्यूटन-मीटरवर लावलेला असेल, तर एम१० ला त्याच्या दुप्पट, पन्नासच्या आसपास लागतो. म्हणजे बोल्ट मोठा झाला आणि ढिला पडायचं दुखणं जागच्या जागी राहिलं. स्पेअरच्या पिशवीत जुना एम८ चा बोल्ट आणि नवा ब्रॅकेट असे दोघं एकत्र गेले तर आणखी मजा. एम८ च्या बोल्टचं डोकं १३ मिमीचं असतं. ११ च्या भोकावर कडेला जेमतेम एकेक मिलिमीटर टेकतो. उलट बाजूने, जुना ९ चा ब्रॅकेट ग्राहकाच्या लाइनवर एम१० च्या बोल्टसमोर आला, तर तिथला माणूस काय करतो? हँड ड्रिल घेतो आणि भोक मोठं करतो. प्लेटिंग गेलं. पावसाळ्यात तिथून गंज धरतो आणि तक्रार तुमच्याकडे "प्लेटिंग खराब" म्हणून येते. तिचा या ईसीएनशी संबंध लावायला कुणाला सुचणारही नाही.

याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, जी तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात: रेव्हिजन सी ची डी झाली. म्हणजे पार्ट नंबर तोच ठेवला.

नियम जुना आणि सोपा आहे. नवा तुकडा जुन्याच्या जागी आणि जुना नव्याच्या जागी, दोन्हीकडून बिनबोभाट बसत असेल आणि तसंच काम करत असेल, तर रेव्हिजन बदला. आकार, बसण्याची पद्धत किंवा काम यातलं काहीही बदललं की पार्ट नंबर बदला. तुमच्या ब्रॅकेटमध्ये ९ आणि ११ एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. नंबर बदलायला हवा होता. का बदलला नाही तेही मी सांगू शकतो: ग्राहकाच्या सिस्टिममध्ये नवा नंबर उघडायला वेळ लागतो, रेट पुन्हा लावून घ्यावा लागतो, आणि कुणीतरी म्हणालं असेल, "रेव्हिजनवर भागवू." आता स्टोअरमध्ये एकाच नंबरच्या एकाच बिनमध्ये ९ आणि ११ सुखाने नांदतायत. स्टोअरवाला सही कशी देईल? त्याला सिस्टिममध्ये एकच आकडा दिसतो.

याची किंमत किती मोठी होऊ शकते ते जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचने दाखवलंय. शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा गाड्यांमध्ये चावी चालता चालता "रन" वरून मागे सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि धडक झालीच तर एअरबॅग उघडायची नाही. २००६ मध्ये स्विचच्या आतला प्लंजर आणि स्प्रिंग बदलून तो घट्ट करण्याच्या बदलावर सही झाली. पण पार्ट नंबर बदलला नाही. त्यानंतरची वर्षं कंपनीतलेच तपास करणारे लोक चक्रावून गेले होते: अलीकडच्या गाड्यांमध्ये दोष दिसत नाही, आधीच्यांमध्ये दिसतो, आणि कागदावर तर स्विच एकच! शेवटी जॉर्जियातल्या एका अपघाताच्या खटल्यात फिर्यादीच्या बाजूच्या इंजिनिअरने जुना आणि नवा स्विच शेजारी शेजारी उघडून फरक दाखवला, तो २०१३ मध्ये. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. कंपनीच्या नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले आणि २०१५ मध्ये अमेरिकी सरकारशी तडजोड करताना ९० कोटी डॉलर भरावे लागले. प्लंजरचा तो बदल चांगलाच होता हे लक्षात घ्या. गाडी त्याने सुरक्षित झाली. फक्त तो शोधता येत नव्हता, आणि आधीच्या गाड्यांचं काय करायचं हे कुणी विचारलं नव्हतं.

तुमच्या दीडशेपैकी बहुतेक ईसीएन याच एका प्रश्नावर अडलेत असा माझा अंदाज आहे. जुन्या मालाचं काय करायचं? हे ईसीएन काढतानाच लिहायला हवं असतं. वापरून संपवायचा, दुरुस्त करून घ्यायचा, परत पाठवायचा की भंगारात घालायचा. किती नग, कुठे पडलेत, आणि खर्च कुणाच्या खात्यावर. तो रकाना फॉर्मवर असतो. बहुतेक वेळा तिथे "युज अप" लिहिलेलं असतं आणि पुढे काही नाही.

"स्टॉक संपल्यावर बदल लागू" ही आपल्याकडची सगळ्यात लाडकी तारीख, आणि ती कधीच उजाडत नाही. कारण जुना नंबर सिस्टिममध्ये जिवंत असतो. एमआरपी (काय, किती मागवायचं हे काढणारा प्रोग्रॅम) चालवला की त्याला मागणी दिसते, तो खरेदीची सूचना काढतो, परचेसमधला नवा मुलगा प्रामाणिकपणे पीओ (खरेदीची ऑर्डर) सोडतो, आणि संपत आलेला जुना माल पुन्हा भरून येतो. म्हणून "युज अप" लिहिलंत की त्याच दिवशी जुन्या नंबरची खरेदी बंद करून घ्या. कंपनीत सॅपचं सॉफ्टवेअर असेल तर मटेरियलच्या स्टेटसमधून खरेदीला ब्लॉक लागतो. जुना संपला की त्याच्या जागी नवा उचलायचा, अशी सोयही त्यात आहे. ती तुमच्या प्लॅनिंगवाल्याला विचारा, त्याला माहीत असते, फक्त कुणी सांगितलेलं नसतं. दुसरं, तारखेऐवजी लॉट किंवा सिरिअल नंबर धरा. "१ तारखेपासून" म्हटलं की प्रत्येकाची १ तारीख वेगळी असते. प्रेसची वेगळी, डिस्पॅचची वेगळी, ग्राहकाची तर महिनाभर पुढची. "या लॉटपासून पुढे सगळं डी" असं लिहिलं की ते तपासता येतं.

तुमच्या ब्रॅकेटला मात्र "युज अप" चालणारच नाही. बोल्ट ढिला पडतोय म्हणून आपण बदल केला आणि तोच माल वापरून संपवू म्हणायचं? त्याला एकच रस्ता: जिथे असेल तिथून गोळा करा, ११ ला उघडून प्लेटिंग करून घेता येत असेल तर तसं, नाहीतर भंगार. जोपर्यंत नंबर वेगळा होत नाही तोपर्यंत ठळक रंगाचं टॅग आणि वेगळा पिंजरा.

गोळा करायचा म्हणजे शोधायचा कुठे? स्टोअर आणि लाइन सगळेच बघतात. बाकीच्या जागा मी सांगतो. प्लेटिंगवाल्याकडे चलनवर गेलेला माल (जुनी मंडळी अजून त्याला ५७ एफ ४ चं चलन म्हणतात, जीएसटी येऊन इतकी वर्षं झाली तरी). वेल्डिंगच्या जॉबवर्करकडचा. ग्राहकाच्या गोदामातला, जो तुमच्या हिशेबात विकला गेलाय पण त्याच्या लाइनवर अजून चढलेला नाही. रीवर्कचा पिवळा ट्रे. सर्व्हिस स्पेअरचा रॅक. आणि एक जागा जी कुणालाच आठवत नाही: स्टेशनच्या बोर्डवर तारेने अडकवलेला नमुना तुकडा. एका कारखान्यात मी पाहिलंय, ड्रॉइंग नवं, गेज नवा, सगळं चोख, आणि ऑपरेटर मात्र प्रत्येक तुकडा बोर्डवरच्या जुन्या नमुन्याला लावून बघत होता आणि न जुळणारे, म्हणजे बरोबर असलेले, बाजूला काढत होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. नमुन्यावर मंजुरीची सही होती, लाल शाईत, तीन वर्षांपूर्वीची.

परचेसचे साहेब सही का करत नाहीत हेही आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांनी सही केली की उरलेला जुना माल त्यांच्या डोक्यावर बसतो. महिन्याच्या आढाव्यात "नॉन-मूव्हिंग" च्या यादीत तो त्यांच्या नावाने वाचला जातो. बदल मागितला डिझाइनने किंवा ग्राहकाने, आणि बोलणी खायची परचेसने. मीसुद्धा "ठेव, बघतो" म्हटलं असतं. त्यामुळे त्यांच्याकडे फाइल घेऊन सहीसाठी जाऊ नका. जुन्या मालाची यादी घेऊन जा, किंमत लावून, आणि हा खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा त्याचा प्रस्ताव सोबत ठेवा. ग्राहकाने मागितलेला बदल असेल तर हातातल्या आणि वाटेवरच्या मालाची भरपाई ग्राहकाकडे मागता येते, पण ती त्या वेळच्या स्टॉकच्या तारीखवार पत्रकासह लगेच मागायची असते. चौदा महिन्यांनी मागायला गेलात तर तो विचारेल, मधल्या काळात तुम्ही काय केलंत? तरी मागा. बदल आपल्याच डिझाइनचा असेल तर खर्च डिझाइनच्या खात्यावर घ्यायला तुमच्या साहेबांनी तयार व्हायला पाहिजे. इथे साहेबांची खरी गरज आहे, सह्या मारून घ्यायला नाही.

क्वालिटीच्या सहीचं वेगळं आहे. तिथे बहुधा ग्राहकाची मंजुरी अडलेली असते. डिझाइन बदललं की ग्राहकाला कळवून, पीपॅप पुन्हा सादर करून, वॉरंटवर (पीपॅपच्या मंजुरीच्या कागदावर) त्याची सही आल्याशिवाय माल पाठवायचा नसतो. ग्राहक महिनोन्महिने उत्तर देत नाही, हे रडगाणं सगळीकडे आहे. तोवर त्याच्याकडून लेखी डेव्हिएशन (तात्पुरती सूट) घ्या, नगांची किंवा तारखेची मर्यादा घालून. मर्यादा नसलेलं डेव्हिएशन म्हणजे दुसरं ड्रॉइंगच. आणि उलट बाजूही पाहून घ्या: ग्राहकाकडून आलेल्या तांत्रिक बदलाचा आढावा १० कामाच्या दिवसांत व्हावा अशी आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाची अपेक्षा आहे. आपण फक्त आढाव्यालाच दोन महिने लावले असतील, तर ग्राहकाच्या उशिरावर फार आवाज चढवता येत नाही.

एवढं सगळं दीडशे वेळा करायचं का? नाही. लाइनवर जा, ड्रॉइंग हातात घेऊन. दीडशे ईसीएन चार ढिगांत पडतील. लाइनवर बदल कधीच झालाय आणि फक्त कागद राहिलाय, असे बरेच निघतील. त्यांना पहिल्या नव्या लॉटचा तपासणी रिपोर्ट, गेज आणि वर्क इन्स्ट्रक्शनचा फोटो लावा, ज्याच्या त्याच्याकडून सही घ्या, संपलं. काही ईसीएन मेलेले असतील: मॉडेल बंद झालं, कल्पना सुचली पण कुणी टूल केलं नाही. ते कारण लिहून रद्द करा. लोकांना "रद्द" लिहायला का लाज वाटते कुणास ठाऊक. पण रद्द करताना ड्रॉइंग आणि बीओएमही मागे फिरवायला विसरू नका, नाहीतर न झालेला बदल ड्रॉइंगवर तसाच राहतो. काही खरोखर चालू असतील. त्यांना तारीख आणि नाव.

चौथा ढीग लहान असेल आणि तोच धोक्याचा: कागद बदललाय, लाइन बदललेली नाही. किंवा तुमच्या ब्रॅकेटसारखं, अर्धी बदललीय. वयाने जुने आधी असा क्रम लावू नका. हा ढीग आधी, आणि त्यातही ड्रॉइंगवर सुरक्षेची किंवा ग्राहकाची खास खूण असलेले भाग सगळ्यांत आधी. ऑडिटच्या आत एवढा एक ढीग जरी नीट झाला तरी साहेबांना तोंड द्यायला जागा राहते.

पुढचे ईसीएन साचू नयेत म्हणून आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाची मीटिंग मागून घ्या. कॉन्फरन्स रूममध्ये नको, तिथे सगळे लॅपटॉप उघडून बसतात. लाइनच्या कडेला, टेबलावर जुना आणि नवा तुकडा ठेवून. डिझाइन, परचेस, प्लॅनिंग, क्वालिटी, प्रॉडक्शन, पाच माणसं, उभ्याने. "जुना किती उरलाय, कुठे?" एवढाच प्रश्न घेऊन सुरुवात करा. आणि नवा ईसीएन त्या रकान्यात आकडा आणि जागा लिहिल्याशिवाय स्वीकारायचा नाही, हा अधिकार साहेबांकडून लेखी घ्या. तुम्हाला अॅडमिनच्या हक्कांपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

कारकुनीचं म्हणाल तर, सध्या तुम्ही करताय ती कारकुनीच आहे, यात वाद नाही. सह्यांसाठी फिरणं हे इंजिनिअरचं काम नव्हे. पण "९ आणि ११ एका नंबरवर राहू शकत नाहीत" असं ठामपणे सांगून बदल परत पाठवणं हे नक्की डिझाइनचं काम आहे, आणि तुमच्या कंपनीत ते सध्या कुणी करत नाही असं दिसतं. तो अधिकार मिळाला तर वर्षभर थांबा. पंच, प्लेटिंग, एमआरपी, ग्राहकाची लाइन, हे सगळं पाहिलेला माणूस भोक ९ चं ठेवायचं की ११ चं हे कॉम्प्युटरवर वेगळ्या डोक्याने ठरवतो. अधिकार मिळाला नाही आणि सह्याच गोळा करायच्या असतील, तर दुसरीकडे बायोडेटा पाठवायला हरकत नाही. मुलाखतीत सांगायला तुमच्याकडे एक उत्तम ब्रॅकेट आहे.

ब्रॅकेटची सुरुवात प्लेटिंगवाल्यापासून करा. स्टोअरच्या रजिस्टरमधून सुटलेली चलनं काढून सोबत न्या आणि त्याच्या शेडमधले क्रेट स्वतः उघडून बघा, फोनवर विचारू नका. गुरुवार तेवढा सोडा, त्या दिवशी भोसरीला सुट्टी असते.